चेन वाचणारा माणूस

माणूस फुकट काही करायला लागला की मला पहिली भीती वाटते. हा स्वभाव काही चांगला नाही, मला ठाऊक आहे. भाजीवाल्याने वर चार मिरच्या जास्त टाकल्या तर मी घरी येऊन टोमॅटो पुन्हा तपासते. लग्नात कुणी फारच आग्रहाने वाढायला लागलं तर याचं आपल्याकडे काय काम असेल, याचा विचार करत मी जेवते. तेव्हा तेलमास्तरांविषयी मी जे सांगणार आहे ते एका संशयी बाईचं सांगणं आहे, हे धरूनच वाचावं.

त्यांचं खरं नाव आमच्या नायगावच्या चाळीत मी कधी ऐकलं नाही. गिरणीत ते तेलवाले होते. म्हणजे दिवसभर हातात तेलाचा डबा घेऊन यंत्रांच्या सांध्यासांध्यांत तेल सोडत फिरायचं. संप सुरू झाला, यंत्रं थांबली आणि तेल सोडायला काही उरलं नाही, तेव्हा हा माणूस सायकलींच्या मागे लागला. लोकांना सायकल शिकवायचे म्हणून मास्तर, आणि तेल काही सुटलं नाही म्हणून तेलमास्तर. राहायचे शिवडीला, एका खोलीत, एकटेच. पण रविवार उजाडला की आमच्या दोन चाळींमधल्या मैदानात हजर.

अंगाने काटकुळे, बोटं कायमची काळी, आणि उजव्या पायाला घोट्याशी एक लोखंडी क्लिप. पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून लावतात ती. पण मास्तर सायकलवरून उतरले तरी क्लिप काढायचे नाहीत. आमच्या मजल्यावर एक लग्न होतं, त्याला आले ते इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून, आणि उजव्या पायाला क्लिप. नवऱ्यामुलाच्या काकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, जेवण झालं की निघायचंच आहे, पुन्हा कोण वाकणार. बसमध्ये ते जन्मात चढले नाहीत असं सांगायचे. त्यांचं म्हणणं असं, की बसस्टॉपवर उभा असलेला माणूस दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो, आणि संपात उतरलेल्याला ते शोभत नाही. हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की समोरचा हसावं की मान डोलवावी, या पेचात पडायचा.

संपाला सहा-सात महिने झाले होते. गिरणीतली माणसं मिळेल ते काम शोधत फिरत होती. कुणी शिवडीच्या गोदामांत हमाली करत होता, कुणी रे रोडला लाकडाच्या वखारीत, कुणी दादरच्या भाजीबाजारात. जायचं पायी, यायचं पायी. मास्तरांनी काय केलं, तर लोकांच्या पोटमाळ्यांवरून आणि भंगारवाल्यांकडून मोडक्या सायकली गोळा केल्या. दोन सायकलींची एक केली, तिनांच्या दोन केल्या. मग एकेक सायकल तीन-तीन घरांत वाटून दिली, वेळा ठरवून दिल्या. बदल्यात काही नाही. चहासुद्धा अर्धाच प्यायचे. मला तर तो अर्धा चहासुद्धा संशयाचा वाटायचा.

बायकांनाही शिकवायची त्यांची फार धडपड. आमच्या पलीकडच्या खोलीतल्या मावशी मालवणकडच्या. त्या खानावळीचे डबे पोचवायला लालबागपर्यंत चालत जायच्या. मास्तर त्यांच्या इतके मागे लागले, की एकदा मावशी पिशव्या खाली ठेवून कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. “ह्या वयात माका सायकलीर बसवतलो हो! माझे घो काय म्हणतले?” मास्तर शांतपणे म्हणाले, नवरा मागे बसेल. मावशी आठवडाभर ते सगळ्यांना सांगत हसत होत्या, पण सायकलवर काही बसल्या नाहीत.

रविवारी मैदानात सायकली ओळीने उलट्या करून ठेवलेल्या असायच्या, चाकं वर. मास्तर एकेकीची चेन चिंधीने पुसायचे, नवं तेल सोडायचे. आणि पुसताना त्यांचा एक खेळ चालायचा. चेनवरचा काळा मळ अंगठा आणि बोट यांच्यात घेऊन चोळायचे, कधी नाकाशी न्यायचे, आणि सायकल कुठे जाऊन आली ते सांगायचे. हा शिवडीचा चिखल. हा लाकडाचा भुसा. एका कोळीदादांच्या चेनमध्ये त्यांना खवले सापडले, तर म्हणाले, काल वहिनींनी टोपली मागे नाही, पुढच्या दांड्यावर ठेवली होती. ते खरंच निघालं. तळमजल्यावरचा एक तरुण नोकरी शोधायला जातो म्हणून रोज सकाळी घरून सायकल न्यायचा. त्याच्या चेनमधली रेती बोटावर घेऊन मास्तरांनी त्याला विचारलं, नोकरी काय चौपाटीवर लागली? त्याच्या बापासकट सगळे खो खो हसले.

मला मात्र हसू आलं नाही. का, ते सांगायला हवं.

माझे बाबा गिरणीत रिंगखात्यात होते, म्हणजे जिथे सूत काढतात तिथे. संप सुरू झाल्यावर पाच महिने ते घरी बसले. मग भायखळ्याच्या पलीकडची एक गिरणी थोडीफार चालू झाली आणि बाबा गुपचूप तिथे जायला लागले. चाळीत सांगितलं, रे रोडला लाकडाच्या वखारीत काम मिळालं. तिथे गावचा एक ओळखीचा होता, म्हणून त्यांना पहिलं तेच नाव सुचलं. कापसाच्या गोदामात जातो म्हणाले असते तर पुढचं काही झालंच नसतं. कारण रिंगखात्यात हवेतच कापूस असतो. तो केसांत बसतो, भुवयांत बसतो, शिवणीत बसतो. रोज बाबा घरी आले की आई दार लावून घ्यायची आणि त्यांचं डोकं विंचरायची, शर्ट उलटा करून तंतू वेचायची आणि चुलीत टाकायची. एवढी काळजी आम्ही घ्यायचो. पण बाबांची स्वतःची जुनी सायकल दिवसभर त्या गिरणीच्या आवारात उभी असते आणि तिच्या चेनला तेल असतं, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पकडलं गेलं तर काय होतं, ते आम्ही पाहिलं होतं. समोरच्या चाळीतला एकजण संप मोडून गिरणीत आत कामाला जातो असं कळलं, तेव्हा त्याला चपलांचा हार घालून मैदानातून फिरवला. त्याच्या बायकोशी कुणी बोलेना, मुलांना कुणी खेळायला घेईना. आठ दिवसांत ते कुटुंब सामान बांधून गावाला गेलं. तेव्हा मी वीस वर्षांची होते, दादरला टायपिंगच्या क्लासला जात होते. झोपेतही मला तो चपलांचा हार दिसायचा, आणि तो बाबांच्या गळ्यात असायचा.

त्या रविवारी रांगेत बाबांच्या सायकलचा नंबर लागला. मी वरून, गॅलरीतून बघत होते. मास्तरांनी चेन पुसली. बोटांत मळ घेतला, चोळला, आणि थांबले. नाकाशी नेला नाही. काही बोललेही नाहीत. बाकी सगळ्या चिंध्या बाजूला ढिगात पडल्या होत्या, ती चिंधी मात्र त्यांनी घडी करून आपल्या खिशात घातली. “बरी आहे,” एवढंच म्हणाले आणि पुढची सायकल घेतली.

पुरावा, मी मनात म्हटलं. या माणसाने पुरावा खिशात घातला. पुढच्या रविवारपासून तर मास्तर लवकर यायला लागले, मैदानात कुणी नसताना, आणि सगळ्यात आधी बाबांची सायकल घ्यायचे. माझी खात्रीच पटली. तो माणूस दर आठवड्याला तपास करत होता. कुणासाठी करत होता, एवढंच कळायचं बाकी होतं. मालकांसाठी, की युनियनसाठी?

त्यातच त्यांची ती वही. निळ्या पुठ्ठ्याची, सदऱ्याच्या आत पोटाशी ठेवलेली. कोण कुठे कामाला जातं, किती वाजता निघतं, कुठल्या रस्त्याने, हे सगळं ते विचारून लिहून घ्यायचे. एका दिशेला जाणाऱ्यांची टोळी करायची, म्हणजे सगळे मिळून एका कडेने जातील आणि ट्रकवाले दबून राहतील, असा त्यांचा विचार होता. शिवाय म्युनिसिपालिटीला अर्ज करायचे: रस्त्याची डावी कड सायकलींसाठी मोकळी ठेवा, स्टेशनाबाहेर सायकली लावायला जागा द्या. अर्जावर सह्या गोळा करत दारोदार फिरायचे. आता संपाच्या दिवसांत कोण कशावर सही करेल? त्या काळात पोस्टमनने कागद पुढे केला तरी माणसं दोनदा वाचत होती. अर्ध्या चाळीने सही दिली नाही, आणि ज्यांनी दिली ते नंतर घाबरून विचारत होते, नक्की कशावर दिली हो आपण?

एका बुधवारी दुपारी मास्तर आमच्या दाराशी आले. आई बाहेर गेली होती. त्यांनी वही काढली आणि मला विचारलं, बाबा किती वाजता निघतात? मग उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगितलं, रे रोडला आपल्या चाळीतून आणखी चारजण जातात. सोमवारपासून सगळे एकत्र निघतील. माझं नाव सांग बाबांना.

ते गेल्यावर मी दाराला कडी घातली आणि तशीच उभी राहिले. सोमवारी चार माणसं बाबांच्या आजूबाजूला सायकली घेऊन रे रोडच्या वखारीपर्यंत जाणार. त्यानंतर बाबा कुठे वळणार? मला वाटलं, सापळा लावलाय. काय सफाईने लावलाय.

बाबांना सांगायची मला हिंमत झाली नाही. मी पलीकडे मावशींकडे गेले आणि तांदूळ निवडायला बसले. निवडता निवडता म्हटलं, मावशी, तेलमास्तर सगळ्यांचं वहीत लिहून घेतात ते कशाला हो? गिरणीच्या गेटवर मालकांच्या माणसांशी बोलताना त्यांना कुणीतरी पाहिलं म्हणे. ‘म्हणे’ माझंच होतं. पाहणारा कुणी नव्हताच.

मावशींचे हात थांबले. “माका आधीपासूनच संशय होतो,” त्या म्हणाल्या. नव्हता. पण त्या क्षणापासून होता. संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर सगळ्यांनाच आधीपासून संशय असल्याचं कळलं. शनिवारपर्यंत ज्या गेटवर मास्तरांना पाहिलं त्या गेटचा रंगसुद्धा लोक सांगत होते.

रविवारी मास्तर आले तेव्हा मैदानात सायकली उभ्या होत्या, पण माणसंही उभी होती. पन्नासेक तरी असतील. मी गॅलरीत होते. बाबा खाली, आपल्या सायकलजवळ. युनियनचं काम करणारा एक तरुण पुढे आला. तापट होता, पण वाईट नव्हता. त्याने वही मागितली.

“वही नाही देणार,” मास्तर म्हणाले. “लोकांनी मला विश्वासाने सांगितलंय.”

वही घेण्यावरून थोडी ओढाताण झाली. दोन म्हातारे मध्ये पडले. मग त्या तरुणाला काहीतरी सुचलं. तो म्हणाला, “राहू दे वही. चेन बघून तुम्ही सांगता ना माणूस कुठे जाऊन आला? या सगळ्या सायकली उभ्या आहेत. आत कामाला कोण जातो, तेवढं सांगा. मालकांचे नसाल तर सांगाल.”

 मास्तरांनी रांगेवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबांची सायकल तिसरी होती. मी गॅलरीचा कठडा इतका घट्ट धरला होता की त्याचे वळ दुपारपर्यंत तळव्यावर होते.

“तेलात सगळं काळंच दिसतं,” मास्तर म्हणाले. “ती आपली गंमत असायची.”

लोक खवळले. इतके रविवार ज्यांनी तो खेळ पाहिला होता, ज्यांचे खवले आणि रेती त्यांनी ओळखली होती, त्यांना हे कसं पटणार? माणूस काहीतरी लपवतोय हे दिसत होतं, आणि तो खरंच लपवत होता. मारहाण झाली नाही, एवढंच. पुन्हा चाळीत पाय ठेवायचा नाही, असं बजावलं. कुणीतरी त्यांच्या सायकलच्या दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह काढून गटारात टाकले. मास्तर सायकल ढकलत शिवडीच्या दिशेने निघाले. पायाला क्लिप तशीच होती.

मला काय वाटलं, खरं सांगते. मला हायसं वाटलं. सोमवारची टोळी मोडली, बाबा सुटले. मास्तर गप्प का राहिले, याचाही मी विचार केला, पण माझ्या पद्धतीने केला. म्हटलं, ज्याला बातमी विकायची असते तो ती फुकट सांगत नाही. बरीच वर्षं मी याच उत्तरावर काढली.

संपाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसानंतर थोड्या महिन्यांनी बाबांची ती गिरणीही बंद पडली आणि ते एका इमारतीत वॉचमन झाले. आत जात होते, हे चाळीत कुणाला कधीच कळलं नाही. मास्तरांनी वाटलेल्या सायकली एकेक करून भंगारात गेल्या. मला म्युनिसिपालिटीच्या वॉर्ड ऑफिसात नोकरी लागली, रस्त्यांच्या विभागात. बाबा गेले, आई गेली. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले.

आणि एके दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी संपता संपता माझ्या टेबलासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. हातात अर्ज. मी आधी अर्जच वाचला: परळ स्टेशनाबाहेर सायकली लावण्यासाठी जागा मिळणेबाबत. खाली सह्या. मग मी वाकून टेबलाच्या पलीकडे त्यांच्या पायाकडे बघितलं. क्लिप होती.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हा मुद्दाम माझ्याच टेबलावर आलाय. इतक्या वर्षांनी हिशेब चुकता करायला आलाय. पण ते मला ओळखतसुद्धा नव्हते. मॅडम, मॅडम करत होते. स्टेशनाबाहेर गाड्यांना जागा आहे, टॅक्सीला आहे, वडापाववाल्याला आहे, सायकलीलाच कशी नाही, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मग बाबांचं नाव सांगितलं आणि त्यांची मुलगी म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा फुलला. बाबा गेल्याचं कळल्यावर त्यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. आजूबाजूला टेबलं रिकामी होती. तेव्हा मी बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं मला वाटलं.

“मास्तर, तुमच्याबद्दल ते सगळं मीच पसरवलं होतं.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले.

कुणी सांगितलं, असं मी विचारलं. मला वाटलं मावशींचं नाव येईल.

“तुझ्या बाबांनी. मावशीकडून त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी खोलीवर आले माझ्या. म्हणाले, पोरगी घाबरून बोलली, मी मैदानात उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो, आत मी जातो म्हणून. निघालेच होते. मी धरून बसवलं. म्हटलं, तुम्हाला बायको आहे, लग्नाची मुलगी आहे. चाळ सुटली तर तुम्हाला गावाशिवाय दुसरं कुठे जाता येणार नाही. माझं काय गेलं? दोन व्हॉल्व्ह.”

मी मान खाली घातली. लवकर येऊन मास्तर पुसून टाकत होते तो कापूस होता, आणि ती सोमवारची टोळी बाबांना रे रोडकडे जाताना लोकांनी बघावं म्हणून होती, हे मला तिथे बसल्यावर कळलं. बाबांनी मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. कधी रागावले नव्हते, कधी विचारलंही नव्हतं. ते मैदानात उभे राहायला निघाले होते, आणि मी त्यांना वाचवलं असं समजून इतकी वर्षं जगले.

“एकच अट घातली त्यांना,” मास्तर म्हणाले. “म्हटलं, मी गप्प राहीन, पण मुलीला सायकल शिकवायची. जिला स्वतःला कुठे जाता येतं तिला अशी भीती वाटत नाही. कबूल झाले. शिकवली ना त्यांनी?”

त्या महिन्यात बाबांनी मला दोन दिवस भल्या सकाळी मैदानात नेलं होतं. ते सीट धरून मागे धावत होते. दुसऱ्या दिवशी मी पडले, कोपर खरचटलं. मी म्हटलं, लोक बघतात, मला नाही शिकायची. बाबा बराच वेळ सायकल धरून तिथेच उभे होते. मग म्हणाले, बरं. मला तेव्हा वाटलं होतं, चाळीला काहीतरी भासवायला हे नाटक चाललंय.

“शिकवली ना?” मास्तरांनी पुन्हा विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “येते मला.”

“मग झालं,” ते म्हणाले, आणि खुर्चीचा हात धरून उठले. अर्जाची पोच द्या म्हणाले, मागच्या वेळी कुणी दिली नव्हती. मी शिक्का मारला, तारीख घातली, सही केली आणि कागद पुढे केला. ते जिना उतरून जाईपर्यंत माझी मान वर झाली नाही.